महिला दिनाची मैफल आणि अडलेला ना हरकत दाखला

आठ मार्चला उघड्यावर गाण्याचा कार्यक्रम करायचा असेल, तर कलाकार ठरवण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. जागा कुणाच्या ताब्यात आहे आणि माइकचा परवाना कोण देतं? ही दोन कार्यालयं वेगळी असतील तर अर्ज दोन्हीकडं एकाच दिवशी टाका. आमचं घोडं नेमकं तिथंच अडलं आणि ते आठवलं की माझं डोकं अजून तापतं.

आम्ही कोल्हापुरातल्या एका पेठेतल्या भजनी मंडळाच्या बायका. या वेळी महिला दिनाला भाषणं नकोत, गाणंच करायचं असं ठरलं. गाणाऱ्या बायका, तबल्याला बाई, पखवाजाला बाई, पेटीला बाई आणि साउंडच्या टेबलावरही मुलगीच. विषयही आपल्या गावाचा. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायक होते आणि त्यांच्या तालमीतून केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका घडल्या. केसरबाई लहानपणी काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडं शिकल्या होत्या आणि १९७७ साली त्यांची भैरवी व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली. धोंडूताई कुलकर्णी तर जन्मानं कोल्हापूरच्या, त्या पुढं केसरबाईंकडं शिकल्या. लतादीदी मुंबईला जायच्या आधी इथं राहिल्या. एवढं सगळं आपल्या दारात असताना महिला दिनाला रेकॉर्ड लावून संगीतखुर्ची खेळायची, हे मला पटत नव्हतं.

बंदिस्त सभागृह घेतलं असतं तर निम्मी कटकट वाचली असती. शाहू स्मारक भवन आहे, देवल क्लब आहे. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, ती जखम कोल्हापूरकर विसरणार नाहीत. पण आम्हाला पटांगणच हवं होतं. भाकऱ्या उरकून, लेकरू काखेला मारून, घरातल्या साडीवर येऊन बसता यावं, मध्येच उठून सासऱ्यांना जेवायला वाढून परत येता यावं. तिकीट नाही, पास नाही. ज्या बायका सभागृहाची पायरी चढत नाहीत, त्यांच्यासाठीच तर सगळं चाललं होतं.

कलाकार मिळाले, वर्गणी जमली, मांडववाल्यानं तारीख दिली. मग मी अर्ज घेऊन जागेच्या कार्यालयात गेले.

“माइक लावणार ना? मग आधी त्यांची परवानगी आणा.”

आवाजाचा परवाना देणाऱ्या कार्यालयात गेले. तिथले साहेब म्हणाले, “जागेचा ना हरकत दाखला कुठाय? तो आणा, मग बघू.”

“साहेब, त्यांनी तुमच्याकडंच पाठवलंय.”

“ते आम्हाला माहीत नाही. दाखला आणा.”

परत तिकडं. तिकडून परत इकडं. कधी साहेब बैठकीला, कधी फाईल टेबलावर आलेली नाही. एकदा मला विचारलं, “तुमच्याबरोबर कुणी पुरुष माणूस नाही का?” मी म्हटलं, अर्जावर सही माझी आहे, जबाबदारी माझी आहे, जे विचारायचं ते मला विचारा. दुसऱ्या एकानं सल्ला दिला, “वहिनी, कशाला एवढा खटाटोप? हॉलमध्ये हळदीकुंकू करा की.” हळदीकुंकू आम्ही दरवर्षी करतो आणि आवडीनं करतो. पण बाईनं पखवाज वाजवलेला चारचौघांनी उघड्यावर ऐकावा, ही मागणी जास्तीची कशी काय ठरते?

मध्येच नवीन मुद्दा निघाला: शाळा जवळ आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणं रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र सरकार जाहीर करू शकतं. नियम योग्यच आहे, त्यावर माझी तक्रार नाही. पण अंतर कुणी मोजलं होतं? कुणीच नाही. आम्ही मांडववाल्याकडून लांब टेप आणला आणि शाळेच्या कुंपणापासून पटांगणाच्या कडेपर्यंत भर उन्हात मोजत गेलो. अंतर १०० मीटरच्या वर भरलं. त्याचा हातानं नकाशा काढला, स्टेज कुठं, स्पीकर कुठं, त्यांची तोंडं कुठल्या बाजूला, हे दाखवलं आणि अर्जाला जोडला. त्यानंतर शाळेचं नाव परत निघालं नाही. तुम्हीही नकाशा पहिल्याच दिवशी जोडा.

तरी दाखल्याचं कोडं तसंच. आमच्या मंडळातल्या सर्वांत वडीलधाऱ्या आक्का एकदा माझ्याबरोबर आल्या. बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, “तू जा वर. मी बसतो हितंच, कागद मिळंपर्यंत.” त्या बसल्या म्हणून की काय, आवक टेबलावरच्या ताई आमच्याशी बोलल्या. त्यांनी एका वाक्यात मार्ग सांगितला: “ध्वनिक्षेपकाच्या परवानगीच्या अधीन राहून जागा देण्यात यावी, असं लिहा.” म्हणजे माइकचा परवाना मिळाला तरच जागेची परवानगी लागू होणार. तसा अर्ज नव्यानं लिहिला, जुन्या अर्जाची पोच जोडली, आणि दाखला निघाला. तो दाखवल्यावर दुसऱ्या कार्यालयाकडं अडवायला काही उरलं नाही. जे वाक्य त्या ताईंना पाठ होतं, ते त्या दोन्ही साहेबांना माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

म्हणून पोच सोडू नका. प्रत्येक कागदाची दुसरी प्रत, त्यावर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. तोंडी “होईल, होईल” म्हणणाऱ्यांचा मला आता राग येतो.

वेळ अर्जात स्पष्ट लिहा. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. आम्ही साडेनऊला संपवू असं लिहून दिलं आणि भैरवी त्याआधीच घेतली. मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, आसपासच्या घरांना आधी जाऊन सांगा. गाण्यांच्या हक्कांचंही बघा. कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळानं फुकट ऐकवलेल्या कार्यक्रमाला सूट आहे, पण आम्ही कलाकारांना मानधन देणार होतो, म्हणून सिनेगीतांचा परवाना रीतसर घेतला. जात्यावरच्या ओव्यांना तो प्रश्नच नाही.

गायिकांचा सूर आधी विचारून ठेवा, हे राहिलंच. एक काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात गाणारी, दुसरी काळी पाचमध्ये, तर तबले त्या त्या सुराला लावलेले वेगवेगळे लागतात. आमच्या तबलजी ताईंनी ते स्वतःहून आणले होते. आणि गाणारीला स्वतःचा आवाज ऐकू येईल असा मॉनिटर स्पीकर स्टेजवर हवाच, नाहीतर तिला ओरडून गावं लागतं.

पटांगण भरलं, गच्च्या भरल्या. पखवाजाची परण सुरू झाली तेव्हा पुढच्या रांगेतल्या पोरी उठून उभ्या राहिल्या. आक्कांनी माइकवर ओवी म्हटली, जन्मात पहिल्यांदा. मला फार अभिमान वाटला, आणि तो मी लपवणार नाही.

अजून एक. महिला दिनाला कलाकार बायकांना साडी-नारळ देऊन बोळवण करायची पद्धत पडली आहे. ती मोडा. मानधन आधी ठरवा, तेवढंच द्या, आणि स्टेजवरून उतरल्यावर त्याच संध्याकाळी हातात द्या. साउंडच्या मुलीलासुद्धा.