पाटकऱ्याची वही

डायलिसिसच्या दिवसाला आबा 'पाळी' म्हणायचे. "माझी पाळी सोमवार-गुरुवार," असं त्यांनी पहिल्यांदा भरल्या वॉर्डात मोठ्यानं सांगितलं तेव्हा आम्ही दोघी-तिघी तोंडाला रुमाल लावून आत पळालो होतो. नंतर कळलं, गडी पाटकरी होता. कराडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यातून निघणारा इंग्रजांच्या काळातला कृष्णा कालवा, त्यावर तीस वर्षं नोकरी. कुणाच्या उसाला किती तास पाणी, कुठलं दार कधी उचलायचं, रात्री कुणी पाट फोडून पाणी पळवलं, यात हयात गेलेली. त्यांच्या लेखी पाळी म्हणजे पाण्याचीच.

मी सांगलीत विश्रामबागेकडच्या एका दवाखान्यात डायलिसिस टेक्निशियन आहे. सांगायचं आहे ते 9 ऑगस्ट 2019 चं, शुक्रवारचं.

सांगलीत पावसाळ्यात कुणी 'कसं आहे' विचारत नाही, 'आयर्विन किती' विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका. 2005 साली ते 53 च्या वर गेलं होतं, आणि त्यापुढं जाणार नाही असं सगळं गाव धरून चाललेलं. लोकांनी त्या वेळच्या रेघेच्या वर सामान मांडलं आणि निवांत बसले. आम्हीही तेच केलं. त्या शुक्रवारी पाणी 57 फुटांच्या पुढं होतं. आमचं गावभागातलं घर बुडालं होतं, आई मामाकडं मिरजेला, आणि मी तीन दिवस युनिटमध्येच झोपत होते.

विश्रामबागेत पूर नव्हता. पण शहराचं पंपिंग बंद, वीज बंद. एका पेशंटला चार तासांच्या डायलिसिसला, मिनिटाला 500 मिलीच्या हिशेबानं, 120 लिटर शुद्ध पाणी लागतं आणि ते शुद्ध करताना वाया जातं ते वेगळं. दोन किलोमीटरवर घरांच्या छपरापर्यंत पाणी आणि आम्ही कुपवाडहून टँकर कधी येतो म्हणून रस्त्याकडं डोळे लावून बसलेलो. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, फ्लो 300 वर आणा आणि प्रत्येकाला अडीच तासच द्या. म्हणजे माणशी 45 लिटर. कुणाचंच पूर्ण नाही, पण कुणी अगदी कोरडाही नाही.

आबा 1 ऑगस्टच्या गुरुवारनंतर आले नव्हते. गाव नदीपलीकडं, रस्ते तुटलेले. सोमवार गेला, गुरुवार गेला. आठ दिवस डायलिसिस नाही म्हणजे काय ते आम्हाला माहीत असतं. अंगात पाणी साठतं, फुप्फुसात चढतं. पोटॅशियम वाढलं तर हृदय सांगून थांबत नाही. त्यात छावण्यांमध्ये मदत म्हणून केळी वाटत होते. देणाऱ्यांचा काय दोष, पण आमच्या पेशंटला केळं म्हणजे विषच. मी मनातल्या मनात आबांचं नाव यादीतून काढलं होतं, खोटं कशाला सांगू.

दुपारी दीडला ते आले. बोटीनं पाण्याच्या काठापर्यंत, पुढं ट्रॅक्टरनं. लेकानं धरून आणलं. काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. वजन केलं: साडेतीन किलो जास्त. सकाळी एक शेटजी आले होते, पाच दिवसांच्या खंडावर, सहा किलो वाढवून, धापा टाकत. आठ दिवसांत साडेतीन? मी काटा परत शून्यावर आणून पाहिला.

"बघ की वहीत," आबा म्हणाले.

त्या वहीबद्दल सांगायलाच पाहिजे. दोन रकाने, आवक आणि जावक. कालव्याचं रजिस्टर लिहायची सवय, तीच इथं लावलेली. दिवसाला 700 मिली पाण्याची मुभा. सकाळी तेवढं एका तांब्यात भरून ठेवायचं. चहा अर्धा कप प्यायले की तेवढंच पाणी तांब्यातलं काढून तुळशीला. आमटी वाटीभर खाल्ली, तेवढं तुळशीला. तांब्या रिकामा झाला की दिवस संपला. पुराच्या पानांवर अक्षर वाकडं होतं, शाळेतल्या छावणीत अंधारात लिहिलेलं, पण एकही दिवस कोरा नव्हता. 'केळी 2 दिली, खाल्ली न्हाईत, सुनेला.'

हे आबा जन्मजात साधू नव्हेत. पहिली दोन वर्षं त्यांनी आम्हाला छळलं होतं. रात्री उठून हौदात तोंड घालून पाणी प्यायचे, दोनदा अर्धमेले करून आणले होते. बायकोनं अडवलं तर तिच्यावर तांब्या फेकलेला, तिच्या भुवईवर खूण आहे अजून. "तवा रातभर पाणीच दिसायचं डोळ्यापुढं," ते एकदा सुया टोचून घेताना सांगत होते. "मोजाय लागलो तवा झोप लागाय लागली." आमच्याकडं अधूनमधून कुणीतरी मनःशांतीवर बोलायला येतं. आजाराकडं संधी म्हणून पाहा वगैरे. दोन जाड सुया हातात घेऊन चार तास पडलेल्या माणसाला हे सांगणाऱ्याचा मला संताप येतो. आबा अशा वेळी डोळे मिटून घ्यायचे आणि वक्ता गेला की विचारायचे, "चहा आणला का गा त्यानं?"

तर, आबांना चार नंबरच्या मशीनवर घेतलं. डाव्या हाताच्या फिस्च्युलावर, म्हणजे सुया टोचायला शीर आणि धमनी जोडून केलेल्या जागेवर, बोट ठेवलं, मांजर गुरगुरावं तशी ती गुरगुर लागली, तेव्हा माझाच जीव भांड्यात पडला. तीन नंबरवर एक तेवीस वर्षांची पोर होती, लग्नाला वर्ष झालेलं, डायलिसिसला दीड महिना. दुसरा टेक्निशियन पुरात अडकलेला. युनिटमध्ये मी आणि मावशी, एवढंच.

चार वाजून दहा मिनिटांनी जनरेटर बंद पडला. डिझेल संपलं होतं. एक आणि दोन नंबरच्या मशीन बॅटरीवर चालू राहिल्या. तीन आणि चारच्या बॅटऱ्या मेलेल्या होत्या. मी मार्चपासून लिहून देत होते, 'पुढच्या महिन्यात बघू' हे उत्तर पाठ झालेलं.

पंप थांबला की नळ्यांमधलं रक्त थांबतं आणि थांबलेलं रक्त गोठायला लागतं. अशा वेळी पंपाला दांडी लावून हातानं फिरवायचं आणि रक्त अंगात परत द्यायचं. क्लॅम्पमधून नळी सोडवावी लागते, हवा ओळखणारा सेन्सर बंद असतो, म्हणून नजर सतत चेंबरवर, रक्त परत जाताना हवा जिथं अडते त्या नळकांड्यावर, ठेवायची. हवा आत गेली तर संपलं. प्रशिक्षणात एकदा केलं होतं. आता दोन मशीन, दोन माणसं आणि मी एकटी. पोर तर रडून उठायलाच लागली, हातात सुया असताना. मावशीनं तिचे खांदे दाबून धरले.

मी दोन्हीकडं पाहत नुसती उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. दहा सेकंद असतील.

"दांडी दे हिकडं," आबा म्हणाले. "चक्रीच हाय न्हवं? पाटाच्या दाराची तीस वर्सं फिरवलीया. तू त्या पोरीचं बघ आधी."

पुस्तकात हे बसत नाही. मी त्यांची नळी सोडवली, दांडी लावली, दिशा दाखवली आणि चेंबरमधल्या रक्ताच्या पातळीवर बोट ठेवलं. "ही खाली आली की थांबायचं. लगेच."

"पातळी मला शिकवतीस व्हय?"

उजवा हात अंगावरून पलीकडं नेऊन, कुशीवर वळून, ते फिरवायला लागले. सावकाश. एक, दोन, तीन, असं पुटपुटत. वीस झाले की परत एकपासून. त्यांचं मोजणं मला पोरीच्या मशीनपाशी ऐकू येत होतं आणि माझाही हात त्याच लयीत पडायला लागला. पोरीचं रडणं हुंदक्यांवर आलं. सलाईन जोडून तिचं रक्त परत देईपर्यंत सहा-सात मिनिटं गेली. मग आबांकडं आले. पातळी जिथं दाखवली होती तिथंच होती. मी दांडी हातात घेतली आणि उरलेलं रक्त परत दिलं.

सुया काढून मी जागा दाबून धरली तेव्हा पाहिलं, त्यांचा उजवा हात खांद्यापासून थरथरत होता. त्यांनी तो पांघरुणाखाली घेतला.

"घाबरला होता आबा?"

"मग? मेलो असतो की." थोडं थांबून म्हणाले, "आकडा चुकंल म्हणून जास्त घाबरलो."

वजन अजून दोन किलो जास्त होतं. रविवारी परत या म्हटलं, बोट मिळाली तर. त्यांनी वही मागितली, लेकाकडून पेन घेतलं, पण हात धरवेना. मग मला सांगितलं, तू लिही. मी लिहिलं: 9 ऑगस्ट, पाळी अपुरी, दीड तास. 'दीड न्हवं, एक तास चाळीस मिन्टं,' त्यांनी दुरुस्त करायला लावलं.

पाणी उतरल्यावर पाच-सहा दिवसांनी आम्ही घर उघडलं. दारातून आत पाय टाकला तर घोट्याच्या वरपर्यंत गाळ, आणि त्या वासाबद्दल ज्यानं पूर पाहिला त्याला सांगायला नको. आई उंबऱ्यावरच बसली आणि बोलेचना. मी घमेलं घेतलं. भरून बाहेर टाकलं की कोळशाच्या तुकड्यानं दाराच्या चौकटीवर एक रेघ मारायची.

बऱ्याच वेळानं आईनं विचारलं, "काय लिहितीयस गं तिथं?"

"मोजतीय."

"गाळ?"

ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, मघाचं एक राहिलंय तुझं धरायचं. अंधार पडेपर्यंत त्रेचाळीस झाली. माजघर अजून तसंच होतं.