ॲरिझोनात लायसन्स आणताना: माझा अनुभव

फिजिकल थेरपीचं लायसन्स दुसऱ्या राज्यातून ॲरिझोनात आणताना फॉर्म भरायला मला फार वेळ लागला नाही. वेळ गेला तो जुन्या बोर्डांकडून, म्हणजे आधीच्या राज्यांत लायसन्स देणाऱ्या मंडळांकडून, कागद येण्यात.

ॲरिझोनाने 2019 मध्ये कायदा केला. दुसऱ्या राज्याचं रीतसर लायसन्स असलेल्याला शिक्षण आणि व्यवसायाची परीक्षा पहिल्यापासून सिद्ध करायला लावायचं नाही, असा त्याचा गाभा. बहुतेक सगळ्या व्यवसायांना सरसकट अशी मान्यता देणारं हे पहिलं राज्य. लोक याला 'युनिव्हर्सल लायसन्स' म्हणतात, आणि त्या नावानेच घोटाळा होतो. आपोआप काही मिळत नाही; अर्ज, फी, पार्श्वभूमी तपासणी सगळं आहेच.

लायसन्स किमान 1 वर्ष जुनं हवं, त्याच व्यवसायाचं आणि त्याच पातळीचं. असिस्टंटच्या लायसन्सवर थेरपिस्ट होता येत नाही. कायद्यात शब्द 'दुसरं राज्य' असा आहे, त्यामुळे नुसत्या भारतातल्या नोंदणीवर ही वाट मिळत नाही. ॲरिझोनात राहायला आल्याचा पुरावाही लागतो. तो कोणत्या कागदांनी द्यायचा, याची यादी आपल्या बोर्डाकडून आधीच मागून घ्यावी.

आता खरी अडचण. जिथे जिथे लायसन्स आहे तिथे ते निर्दोष असावं लागतं, म्हणून पूर्वी घेतलेलं आणि मुदत संपू दिलेलं लायसन्सही अर्जात लिहावं. लपवल्यासारखं दिसलं तर मूळ चुकीपेक्षा ते महागात पडतं. पडताळणीचं पत्र जुन्या बोर्डाकडून थेट नव्या बोर्डाकडे जाऊ द्यावं. आपण काढलेल्या प्रिंटवर विसंबू नये. माझा सल्ला: पडताळणीची मागणी सगळ्यात आधी पाठवा, अर्ज नंतर. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर दाखला सोबत जोडा, नाहीतर पत्र येऊनही फाइलला लागत नाही.

कुठे तक्रार किंवा चौकशी चालू असेल, तर ती निकाली निघेपर्यंत बोर्ड अर्ज मंजूरही करत नाही, नाकारतही नाही. नुसता लटकतो.

बोटांचे ठसे लवकर द्या. सतत हात धुणाऱ्यांचे ठसे पुसट येतात आणि परत द्यावे लागतात. आधीचे काही दिवस हातांना क्रीम लावावं, मात्र ठशांच्या वेळी हात कोरडे हवेत. शिवाय ॲरिझोनाच्या कायद्यावरची परीक्षा बोर्ड घेऊ शकतं. अनुभव कितीही असो, स्थानिक नियम न वाचता बसू नये.

या वाटेने मिळालेलं लायसन्स फक्त ॲरिझोनात चालतं आणि त्यावर आंतरराज्य कॉम्पॅक्टची (सदस्य राज्यांत एकमेकांकडे काम करू देणाऱ्या कराराची) पात्रता मिळत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. शेजारच्या राज्यातल्या रुग्णाला व्हिडिओवर तपासायचं असेल तरी हे पुरत नाही. तसा बेत असेल, तर पैसे भरण्यापूर्वीच बोर्डाला नेहमीच्या एंडोर्समेंटच्या (दुसऱ्या राज्याच्या लायसन्सच्या आधारे लायसन्स मागण्याच्या वेगळ्या वाटेच्या) अर्जाबद्दल विचारा.