जांभळ्या बल्बमधले रक्त

डीएमएलटी या वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या पदविकेच्या प्रशिक्षणाचा भाग म्हणून सध्या मी एका रुग्णालयाच्या रक्तसंकलन कक्षात काम शिकत आहे. नस सापडणे हीच या कामातली खरी कसोटी, असे मला सुरुवातीला वाटत होते. दंडावर टूर्निकेट, म्हणजे नस फुगवणारा पट्टा, बांधून कोपराच्या खोबणीत तर्जनीने चाचपडावे, दाबल्यावर दबून पुन्हा उसळणारी नस मिळाली की स्पिरिट लावून ते पूर्ण वाळू द्यावे आणि १५ ते ३० अंशांच्या कोनात सुई आत न्यावी. एवढे हाताला जमायलाच कित्येक दिवस गेले. बोटाला ठोके जाणवले तर ती धमनी, तिथे सुई लावायची नाही. डोळ्यांपेक्षा बोटावर भरवसा ठेवायला मी अशीच शिकले.

मग एका सकाळी सत्तरीच्या एका आजींचे रक्त सिरिंजमध्ये कमी आले. मी आधी जांभळा बल्ब, म्हणजे जांभळ्या झाकणाची रक्ताची छोटी नळी, भरला. लाल बल्बसाठी जेमतेम मिलिलिटरभर उरले. आजींना पुन्हा टोचायला नको, म्हणून जांभळ्यातले थोडे रक्त मी लालमध्ये ओतले. दुपारी यंत्रावर पोटॅशियम भयंकर वाढलेले आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीसे झालेले दिसले. मॅडमनी ते दोन आकडे पाहताच विचारले, "जांभळ्यातलं ओतलंस का गं?"

जांभळ्या बल्बमध्ये ईडीटीएचा पोटॅशियमयुक्त क्षार असतो आणि तो रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवतो, म्हणूनच त्यातले रक्त गोठत नाही. निळा, मग लाल किंवा पिवळा, हिरवा, जांभळा आणि शेवटी करडा हा बल्ब भरण्याचा क्रम मला तोंडपाठ होता, पण त्यामागचे कारण मी कधी विचारलेच नव्हते. ते प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवे, असे माझे ठाम मत आहे, कारण तो अहवाल तसाच वॉर्डात गेला असता, तर आजींना नसलेल्या आजारावर औषध सुरू झाले असते.

मॅडमनी अहवाल थांबवला आणि मला पुन्हा वॉर्डात पाठवले. चूक माझ्याकडून झाली, असे मी आजींना सांगितले. त्यांनी दुसरा हात पुढे केला आणि म्हणाल्या, "सावकाश घे." या वेळी मी लाल बल्ब आधी भरला, खाटेपाशीच त्यावर नाव लिहिले आणि तो स्वतः प्रयोगशाळेत नेऊन दिला. पोटॅशियम ४.२, म्हणजे अगदी सामान्य आले.