साडेचौदा हजारांचा मेडिक्लेम

चाकणच्या एका कारखान्यात मी एचआरचं काम बघते. नोव्हेंबर २०२५ मधली गोष्ट. आमच्या मेन्टेनन्समधले एक मामा निवृत्तीचे कागद घ्यायला आले. नोकरीचे पाच आठवडे उरले होते. पीएफ, ग्रॅच्युइटी समजून घेतली आणि उठता उठता म्हणाले, "मॅडम, मेडिक्लेमचे पैसे आता मीच भरत जाईन. वर्षाला साडेचौदा हजारच ना?"

माझ्या पोटात गोळा आला. हा आकडा दिवाळीआधी मीच सगळ्यांना सांगितला होता. कंपनी एका कुटुंबामागे एवढे भरते, हे खरंच होतं. पण आमच्याकडे सहाशे कामगार, निम्म्याहून अधिक तिशीच्या आतले. त्या पोरांच्या वयामुळे मामांचा हप्ता इतका कमी बसत होता. हजेरीपटावरून नाव कमी झालं की तो भाव संपला. हे मी त्यांना इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं.

मी त्यांना बसवलं आणि त्यांच्यासमोरच कोटेशन काढलं. दोघांना मिळून पाच लाखांची फ्लोटर पॉलिसी, वयं ५८ आणि ५३, मामींना नऊ वर्षांचा मधुमेह. ४६ हजार. तेही वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबरपासून शून्य झाल्यानंतरचे. कंपनीनं सगळ्यांची मिळून काढलेल्या ग्रुप पॉलिसीवर तो अजून आहे, तरी ग्रुपच स्वस्त. मामांनी मोबाइलवर बारानं भागलं. महिन्याला ३,८३३. त्यांचं ईपीएस पेन्शन ३,७०० च्या आसपास बसणार होतं.

दोघंही थोडा वेळ गप्प बसलो.

पैशापेक्षा मला भीती वेगळीच होती. आमच्या ग्रुपमध्ये जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. नवी पॉलिसी घेतली तर त्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मामींनी काय करायचं? मग आमच्याच विमा कंपनीला फोन लावला. ग्रुपमधून बाहेर पडणाऱ्याला त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, मायग्रेशन म्हणतात त्याला. आधीची वर्षं प्रतीक्षा काळात मोजली जातात. मंजुरी मात्र विमा कंपनीच्या हातात. "अर्ज तीस दिवस आधी हवा," पलीकडून सांगितलं. आमच्याकडे पस्तीस होते.

या पॉलिसीचा हप्ता ४९ हजार निघाला. मामा म्हणाले, "पोरगा म्हणतोय, त्याच्या कंपनीच्या पॉलिसीत आम्हाला घालतो, अठरा हजारात."

मी स्पष्ट सांगितलं, "मामा, त्यानं नोकरी बदलली तर पुन्हा हेच. तेव्हा तुमचं वय वाढलेलं असेल. त्यापेक्षा त्याला या हप्त्यात वाटा उचलू द्या."

त्यांनी तिथूनच मामींना फोन करून शुगरच्या जुन्या फायली शोधायला लावल्या. संध्याकाळी पाचला अर्ज गेला. मग मी पुढच्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांची यादी उघडली. अकरा नावं होती. पहिला फोन पेंटशॉपला लावला.