परसातली खाण

मी ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यात बेंडिगोला माती तपासायचं काम करते. घर बांधायचंय, जागा विकायचीय, परसात भाजी लावायचीय, की इथं आमच्यासारख्यांना बोलावणं येतं. कारण हा सगळा पट्टाच सोन्याच्या खाणींवर बसलाय. १८५१ साली सोनं सापडलं आणि त्यानंतर शंभर वर्षं माणसं जमीन उकरत राहिली.

त्या दिवशीचं काम कॅसलमेनच्या बाजूला होतं. एका तरुण जोडप्यानं रानाला लागून जागा घेतलेली. घरामागं पांढुरक्या वाळूचा सपाट तुकडा, त्यावर गवताची काडीही नाही. त्यांना नेमके तिथंच भाजीचे वाफे करायचे होते. ऊन छान येतं म्हणे.

वाळूच्या वरच्या अंगाला दगडी जोतं होतं आणि त्यातून गंजलेले जाडजूड बोल्ट वर आलेले. मग सगळं कळलं. इथं गारगोटी कुटायची गिरणी होती. वाफेवर उचलली जाणारी लोखंडी मुसळं दगडाचा भुगा करायची. तो भुगा पाण्याबरोबर पारा चोळलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून जायचा, सोनं पाऱ्याला चिकटायचं आणि वाळू उतारावर सोडून द्यायचे.

मोठ्या कंपन्यांच्या खाणी अजून दिमाखात आहेत. बेंडिगोची सेंट्रल डेबोरा १९५४ साली बंद पडली, पण आज तिकीट काढून आत उतरता येतं. छोट्या भागीदारांच्या खाणींचं मात्र जोतं आणि वाळू, एवढंच उरतं. १८५५ पासून वर्षाला एक पौंड भरला की खाणकाम करायचा परवाना मिळायचा. मग चार-सहा जण एकत्र येऊन जागा धरायचे. पगार कुणालाच नाही, निघेल त्याची वाटणी. अंगमेहनत नको असलेला एखादा दुकानदार पैसे घालून वाटा घ्यायचा. काही टोळ्या मोठ्या खाणीचा एखादा भाग हिश्शानं कसायला घ्यायच्या. सोनं निघालं तर त्यातला ठरलेला हिस्सा कंपनीला, नाही निघालं तर राबणं फुकट. सहकार म्हटलं की आपल्याला साखर कारखान्याचा चेअरमन आणि त्याची गाडी आठवते. इथं चेअरमन असता तर त्यालाही घमेलं उचलावं लागलं असतं.

मातीत काय काय आहे ते जागेवरच मोजणारं यंत्र वाळूला लावलं. घराच्या परसात आर्सेनिक, म्हणजे विषारी सोमल, किलोमागं १०० मिलिग्रॅमपर्यंत असेल, तर सहसा पुढं खोदाखोद करत नाहीत. इथं पहिलाच आकडा हजारांत. मी जागा बदलून पुन्हा लावलं, तेच. एक ढेकूळ फोडलं तर आत फिकट हिरवट पापुद्रा. इथल्या गारगोटीत सोन्याबरोबर आर्सेनिकचं खनिजही असतं. कुटून उघड्यावर टाकलं की ते हवापाण्यानं कुजतं आणि असा पापुद्रा धरतं. त्या खनिजात अडकलेलं सोनं पाऱ्याला सापडत नसे. १८८७ नंतर सोनं सायनाइडच्या पाण्यात विरघळवून काढायची पद्धत आली, तशा कंपन्यांनी जुन्या वाळूच्या टेकड्या पुन्हा धुतल्या. एवढ्याशा ढिगासाठी मात्र कोण येणार?

कुंपणापलीकडून शेजारचे आजोबा बघत होते. म्हणाले, "आम्ही लहानपणी ह्याच वाळूत खेळलो. वडिलांनी बागेतल्या वाटेवरही हीच पसरली. तण उगवत नाही, फार सोय!"

बाईंनी विचारलं, वाळू उचलून न्यायला किती खर्च येईल? तेव्हा दुसरी अडचण सांगावी लागली. पंच्याहत्तर वर्षांपेक्षा जुने असे अवशेष इथं कायद्यानं संरक्षित असू शकतात. त्यामुळं आधी वारसा खात्याला विचारायचं.

"म्हणजे लावायचं पण नाही आणि काढायचं पण नाही?" नवरा म्हणाला.

"सध्या तरी नाही. घराच्या पुढच्या बाजूला उंच वाफे बांधा, माती विकत आणा. इकडं कुंपण घाला. आणि बूट दाराबाहेर काढत जा."

आजोबांची वाट माझ्या कामात नव्हती, पण चहाला बोलावलंच होतं, तर जाता जाता तिथंही यंत्र टेकवलं. तिथलाही आकडा शंभराच्या कितीतरी वर. ते हसले, एवढं आयुष्य गेलं, आता काय होतंय! मी वाद घातला नाही. नातवंडं सुट्टीला येतात म्हणाले, तेव्हा मात्र त्याआधी वाटेवर फरशी घालून घ्या, असं दोनदा बजावलं.