माळ्यावरच्या गूढ कॅसेटी

"घरी व्हीसीआरच्या जुन्या कॅसेटी पडल्यात. डिस्कव्हरीवर लागायचे ना, भुताखेतांचे आणि उडत्या तबकड्यांचे कार्यक्रम, ते भरून ठेवलेले आहेत. अजून निघतील का?" लातूर, नांदेड, परभणी, बीड, कुठूनही विचारणा आली तरी प्रश्न हाच असतो. पाठोपाठ दुसरा येतो: "तो कार्यक्रम नेमका कोणता होता हो?" तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हींचं एकदाच सविस्तर लिहितो.

आधी दुसरा प्रश्न, कारण तिथे आठवणींची भेसळ फार होते. स्फटिकाची कवटी आठवत असेल तर बहुधा ते विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क. त्यांची 'मिस्टीरियस वर्ल्ड' ही ब्रिटिश मालिका 1980 ची, 13 भागांची. त्यांचीच 'मिस्टीरियस युनिव्हर्स' 1994 ची. अभिनेता लेनर्ड निमॉय निवेदक असलेली 'इन सर्च ऑफ' 1977 ते 1982 या काळातली अमेरिकन मालिका, आपल्याकडे असलीच तर अमेरिकेतल्या नातेवाइकानं आणलेल्या कॅसेटवर. डिस्कव्हरी भारतात 1995 मध्ये आलं आणि हिंदी आवाज त्यानंतर. म्हणजे डिस्कव्हरीच्या कार्यक्रमात हिंदी निवेदन ऐकू येत असेल तर कॅसेट त्याच्या आधीची असूच शकत नाही. इरफान खान सूत्रधार असेल तर ती 2006 ची स्टार वनवरची 'मानो या ना मानो'. आणि 'आहट' किंवा 'झी हॉरर शो' म्हणत असाल तर त्या सरळ कथामालिका, माहितीपट नव्हेत. आठवणीत ही सगळी सरमिसळ झालेली असते. कॅसेटीवरच्या चिठ्ठीवर तर मुळीच विश्वास ठेवू नका, 'गणपती विसर्जन' लिहिलेल्या कॅसेटमध्ये स्कॉटलंडच्या लॉख नेस तळ्यातला राक्षस सापडतो.

आता कॅसेटी. बहुतेक निघतात. ज्या जातात, त्यातल्या पुष्कळ पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात मशीनमध्ये घातल्यामुळे जातात.

मराठवाड्याची कोरडी हवा टेपला कोकणापेक्षा बरी, बुरशी तुलनेनं कमी. पण कॅसेट कुठे पडून होती यावर सगळं अवलंबून. पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात टेपची गुंडाळी सैल पडते आणि कडा लाटेसारख्या वाकतात. माळवदाच्या घरात गारवा असतो, मात्र छतातून माती झडते, आणि ती बारीक माती टेपवर बसली की मशीनच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, ओरखडे पाडते. माळवदाखालून आलेली प्रत्येक कॅसेट मी धुळीनं भरलेलीच धरतो. आधी बाहेरून कोरड्या ब्रशनं झाडायची, मग खिडकीतून आत पाहायचं. काळ्या गुंडाळीवर पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ती कॅसेट मशीनमध्ये घालू नका, कारण बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती वेगळ्या पिशवीत बांधून जाणत्या माणसाकडे द्या.

बुरशी नसेल तर कॅसेटच्या मागच्या कडेवरचा छोटा प्लास्टिकचा कान मोडलेला आहे का ते पाहा. नसेल तर आत्ताच मोडा. तो असेपर्यंत चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर जुनं पुसलं जातं. बाजूची बारीक कळ दाबून झाकण उचललं की टेप उघडी दिसते. ती चुरगळली आहे का बघा, बोट लावू नका. टेपच्या दोन्ही टोकांना पारदर्शक पट्टी असते, तिच्यातून आरपार गेलेल्या प्रकाशावर मशीनला शेवट कळतो. ती पट्टी चकतीपासून सुटली असेल तर खालचे पाच स्क्रू काढून परत अडकवता येते. घाम फुटतो, पण अशक्य नाही. झाकणाची स्प्रिंग उडून कोपऱ्यात जाते, तेव्हा परातीत बसून उघडा.

थंड खोलीतून गरम खोलीत आणलेली कॅसेट लगेच लावायची नाही. दव धरतं आणि टेप ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या चकचकीत नळकांड्याला, चिकटते. रात्रभर तशीच ठेवा.

मशीन ही खरी अडचण. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी 2016 मध्ये थांबली, त्यामुळे जे मिळेल ते जुनंच. घेताना दुकानातच टाकाऊ कॅसेट घालून चालवा, पुढे-मागे पळवा आणि मुख्य म्हणजे बाहेर काढून पाहा. टेप गिळून बसणारं मशीन फुकट मिळालं तरी नको. चाचणीला लग्नाची कॅसेट वापरायची नाही, हे सांगावं लागतं. आतले रबरी पट्टे ताणले गेले असतील तर टेप पळवताना मध्येच थांबते. पट्टे बदलता येतात. हेड घासून गेलं असेल तर सोडून द्या.

हेड साफ करताना वायर काढलेली असू द्या आणि वीजपुरवठ्याच्या भागाकडे हात नेऊ नका, तिथे वायर काढल्यावरही झटका बसू शकतो. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. साध्या कागदाची पट्टी त्यात भिजवून चकचकीत ड्रमला हलकी टेकवा, पट्टी स्थिर धरा आणि ड्रम वरून हातानं दोन-तीन फेरे फिरवा. वर-खाली घासलं की हेडचं टोक तुटलंच म्हणून समजा. कानात घालायची कापसाची काडीही नको, तंतू अडकतात. रबरी रोलरला अल्कोहोल लावू नका, ते रबर कडक करतं. ओल्या कापडानं पुसा.

मग कॅसेट आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे पळवून घ्यायची, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली गुंडाळी सारखी होते. लेबलवर ई-180 असेल तर ती आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीची, साध्या वेगात तीन तासांची. टी-120 असेल तर बहुधा अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीची. ती साध्या पाल मशीनवर नीट दिसत नाही, म्हणून टेप खराब आहे असं समजून फेकू नका, दोन्ही चालवणारं मशीन शोधा. चित्र नीट दिसूनही खाली किंवा वर मुंग्यांचा पट्टा सरकत असेल तर ट्रॅकिंगची कळ फिरवा. तो टेपचा दोष नसतो. चित्राच्या अगदी तळाशी दिसणाऱ्या फाटक्या चार ओळी मात्र प्रत्येक कॅसेटला असतात. त्यांच्या नादी लागू नका.

आता चित्र आणि आवाज संगणकात न्यायचे: व्हीसीआरच्या मागच्या पिवळ्या आणि पांढऱ्या भोकांतून यूएसबी कॅप्चर कार्डात, आणि तिथून संगणकात. स्वस्त कार्डानं काम होतं, पण जुनी टेप हलते आणि असं कार्ड चौकटी (फ्रेम) गाळतं. गाळलेल्या चौकटींमुळे आवाज पुढे आणि चित्र मागे पडत जातं. मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडून सिग्नल त्यातून नेला तर पुष्कळदा चित्र स्थिर होतं. सेटिंग 720 बाय 576, सेकंदाला 25 चौकटी, आंतरओळीचं म्हणजे इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं). ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याची सेटिंग सहसा संगणकाच्या पडद्याला धरून आणि 30 चौकटींची असते. ते बदला, डीइंटरलेसला (ओळी जोडून पूर्ण चित्र करण्याला) 'याडिफ 2एक्स' निवडा आणि 50 चौकटी ठेवा, नाहीतर हलणाऱ्या वस्तूंना दातेरी कडा येतात. दर्जा न घालवता साठवायचं तर तासाला 30 ते 35 जीबी लागतात, म्हणजे एका कॅसेटला 100 जीबीच्या आसपास. डिस्क एफएटी32 पद्धतीची असेल तर फाइल 4 जीबीला अडते आणि 'कार्ड बिघडलं' अशी तक्रार येते. डिस्क एनटीएफएस करून घ्या.

आवाज जुळला का हे ओठांवरून तपासता येत नाही, कारण हिंदी डबिंगचे ओठ मुळातच जुळत नसत. दार आपटण्याचा, काच फुटण्याचा आवाज धरा. एक सुरुवातीला, एक शेवटच्या दहा मिनिटांत. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर आवाज तेवढा सरकवायचा. शेवटी वाढला असेल तर ताणावा लागतो.

चित्रात आडव्या पट्ट्या आणि आवाजात घूं-घूं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. राहिलेल्यांतल्या बऱ्याच इन्व्हर्टरच्या. लाइट गेल्यावर चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर कॅप्चर करू नका. मध्येच लाइट गेली आणि टेप ड्रमभोवती अडकली तर ओढू नका. लाइट आली की बहुतेक मशीन ती स्वतः मागे घेतं.

आता 'हे काय दिसतंय?' या फोटोंबद्दल. अशा कार्यक्रमांच्या कॅसेटीत लोकांना जास्तीचं भूत सापडतं. माणसाच्या उजव्या बाजूला थोड्या अंतरावर त्याचीच फिकट आकृती दिसते, ती केबलच्या खराब जोडातून परत आलेला सिग्नल असतो, जरा उशिरा पोचलेला. झपकन जाणारी पांढरी शेपटी म्हणजे टेपवरचा चुंबकीय थर तिथे उडालेला आहे. आणि पडक्या वाड्याच्या दृश्यात सुरुवातीच्या काही सेकंदांत दुसऱ्याच बाईचा चेहरा इंद्रधनुष्यी रंगांत तरंगत असेल, तर ते आधीचं रेकॉर्डिंग. पुसणारं हेड ड्रमच्या अलीकडे असल्यामुळे मधला तुकडा पुसायचा राहून जातो. बाई बहुतेक घरातल्याच कुणाच्या साखरपुड्यातली निघते.

म्हणून माझं एक ठाम मत आहे: एआयनं चित्र 'सुधारून' घेऊ नका. ती यंत्रं मुंग्यांमधून चेहरे ओळखत नाहीत, चेहरे बनवतात. पॅटरसन आणि गिमलिन यांची 1967 ची बिगफूटची, म्हणजे अमेरिकेतल्या कथित केसाळ माणूसप्राण्याची, फिल्म घ्या. मुळात ती दाणेदार, त्यात प्रक्षेपण, केबल, तुमची कॅसेट. त्यावर असलं सॉफ्टवेअर चालवलं तर कधीच नसलेले डोळे आणि दात मिळतात, आणि ती चकचकीत फाइल उद्या 'मूळ पुरावा' म्हणून फिरते. या मालिकांत आधीच 'नाट्यरूपांतर' केलेली दृश्यं आणि खरं चित्रण यांची सीमा पातळ होती. मंद पॅन, निळा प्रकाश, घोगरा आवाज. खालची बारीक ओळ वाचली नाही तर फरक कळायचा नाही. ती ओळ जपायची तर चित्र आहे तसंच राहू द्या.

जाहिरातीही कापू नका, आणि शेवटची मिनिटं तर नाहीच. क्लार्क बऱ्याचदा भागाच्या शेवटी आपलं मत सांगत आणि ते पुष्कळदा संशयाचंच असे. लोकांना कवटी आठवते, निकाल आठवत नाही. पुढे ब्रिटिश म्युझियमनं आपल्याकडची स्फटिकाची कवटी तपासली, तेव्हा ती फिरत्या चाकाच्या अवजारांनी घडवल्याचं दिसलं. लॉख नेसचा 1934 चा प्रसिद्ध फोटो बनावट असल्याची कबुली 1994 मध्ये उजेडात आली. कॅसेटवरचा भाग या दोन्हींच्या आधीचा असेल तर फाइलच्या नावात प्रक्षेपणाचं वर्ष घालाच, म्हणजे पुढच्या लेकरांना कळेल की निवेदक खोटं बोलत नव्हता, त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं.

एक विचारणा आपल्या भागातूनच येते. लंडनच्या एनफिल्ड भागातलं 1977 चं प्रकरण पाहून लोक म्हणतात, "ही तर आपली भानामती." आपोआप हलणाऱ्या वस्तू, केंद्रस्थानी घरातली मुलगी; साम्य आहेच. एनफिल्डच्या मुलीनं काही प्रकार आपणच केल्याचं नंतर सांगितलं. आपल्याकडे जोडीला घरावर दगड, कपडे पेटणं आणि अंगावर बिब्ब्याच्या फुल्या. बिब्ब्याच्या टरफलातला रस कातडीला लागला की लगेच काही होत नाही, फोड आणि डाग काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतात. डाग उठतो तेव्हा जवळ कुणीच नसतं, आणि सगळी भीती त्या उशिरावर उभी असते. कपड्यांचं कोडंही रसायनाचंच. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडलं की थोड्या वेळानं काडी न लावता जाळ होतो, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हा प्रयोग गावोगाव करून दाखवतात.

कॅसेटीत अशा प्रकरणाचं गावातलं चित्रण असेल, अंगात आलेली बाई किंवा भगतानं केलेली मारहाण, तर ते जपा, पण इंटरनेटवर टाकू नका. ती बाई किंवा तिची लेकरं त्याच गावात राहत असतील. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

एवढा खटाटोप स्वतः करायचा नसेल आणि दुकानात देणार असाल तर चार गोष्टी लिहून द्या: सलग फाइल हवी, कापाकापी नको, चित्र ताणून मोठं करू नका, कॅसेट परत हवी. बरेच दुकानदार डीव्हीडीवर घालून देतात, त्यात दर्जा आवळलेला असतो; पेनड्राइव्हवर मूळ फाइल मागा. दोन प्रती करा, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा. आणि कॅसेट टाकू नका. पूर्ण मागे पळवून, डब्यात, पुस्तकासारखी उभी, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्या दर पावसाळ्यात बदला.