मधोमध फुगलेली पीईटी फिल्म

मे महिन्यात आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत आयन इम्प्लान्टेशन (वेगवान आयन पृष्ठभागात घुसवणं) करून आलेली प्लास्टिकची सॅम्पल उघडली. पॉलिकार्बोनेटचे तुकडे सपाट होते, पीईटीच्या (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) फिल्म मात्र मधोमध फुगलेल्या. दोन्हींवर १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे नायट्रोजन आयन आणि डोसही सारखाच: दर चौरस सेंटिमीटरला १० चा १६वा घात इतके आयन. तपकिरी रंग दोन्हींना चढला होता, तो अपेक्षितच. आयन प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळीतले बंध तोडतात, हायड्रोजन निघून जातो, मागे कार्बनचे दुहेरी बंध एकापुढे एक जुळतात आणि रंग गडद होतो.

अशा वेळी संशय आधी डोसवर जातो. पण हे आयन पोचतात वरच्या साधारण एक तृतीयांश मायक्रॉनपर्यंत. त्या थराच्या ताणाने ०.१ मिलिमीटरची फिल्म फार तर एका बाजूला वळेल. असा फुगवटा येणार नाही. शिवाय क्लिपखालच्या कडा जशाच्या तशा होत्या. खूण तिथेच होती.

मग उष्णतेचा हिशेब मांडला. बीम करंट, म्हणजे आयनांच्या झोताचा प्रवाह, दर चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोअँपिअर, म्हणजे ०.१ वॅट. फिल्म होल्डरला पूर्ण टेकलेली असेल, तर एवढ्या उष्णतेने तिच्या दोन बाजूंत एका अंशाचाही फरक पडत नाही. पण ती फक्त कडांना धरलेली होती. मधला भाग जरा उचलला गेला की व्हॅक्यूममध्ये उष्णता न्यायला हवा नाही. उरतं ते फक्त प्रारण. दोन्ही बाजूंनी प्रारण धरलं, तरी तापमान ९० अंशांच्या वर जातं. पीईटी ७०-८० अंशांतच मऊ पडतं. पॉलिकार्बोनेटची ती मर्यादा १४७ च्या आसपास, म्हणून ते वाचलं.

पुढच्या खेपेला फिल्मची मागची बाजू पूर्ण कार्बन टेपने अॅल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवली, मध्ये हवेचा बुडबुडा न ठेवता. तो राहिला तर व्हॅक्यूममध्ये फुगून फिल्म पुन्हा उचलतो. करंटही निम्मा मागितला. मग कुठे फिल्म सुटलीच, तरी तापमान ६५ च्या आसपास थांबतं. त्याच डोसला २७ ऐवजी ५३ मिनिटं लागतात. बीमचा वेळ मिळवणं कठीण असलं, तरी ही मिनिटं द्यावीतच.

या वेळी फिल्म सपाट आल्या, स्पर्शकोन (पाण्याच्या थेंबाची कड फिल्मशी करते तो कोन) मोजता आला. फुगीर फिल्मवर थेंबाची पायारेषाच सरळ मिळत नाही. सपाट फिल्मवरही नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत २ मायक्रोलिटरचा थेंब टेकताच फोटो घ्यावा लागतो. उशीर केला की थेंबाची कड जागीच चिकटून राहते, पाणी उडत जातं, कोन कमी भरतो आणि त्याचं श्रेय आयनांना जातं.